लेन्स घालणाऱ्यांच्या पापण्या काऊन सुजतात, जरा सविस्तर सांगते

प्रश्न थोडक्यात असा. आर्णीकडच्या एका गावातली मुलगी, वय 21, चष्म्याचा नंबर मायनस 5.50, दोन वर्षांपासून महिनाभर चालणाऱ्या सॉफ्ट लेन्स घालते, रोज एसटीनं यवतमाळला कॉलेजला जाणं-येणं. काही महिन्यांपासून पापण्यांच्या कडा लाल, सकाळी उठलं की मुळाशी पापुद्रे, संध्याकाळी लेन्स टोचून राहिली असं वाटतं, मधात दोनदा रांजणवाडी झाली. मेडिकलवाल्यानं एक ड्रॉप दिला, चार दिवस मस्त वाटलं, बंद केला की पुन्हा तेच. चष्म्याच्या दुकानात म्हणाले लेन्सची कंपनी बदला. आई म्हणते उकिरड्यावर फेक त्या लेन्स. ती विचारते, मॅडम, कायमच्या सोडू का? आणि भाऊपण लेन्स घालतो, फवारणीला जातो, त्याचं काय?

बेटा, कायमच्या सोडायची गरज बहुतेक पडणार नाही. पण आजपासून निदान तीन-चार आठवडे बंद, चष्म्यावर राहायचं. आणि कंपनी बदलून काही होणार नाही, कारण तू लिहिलंस त्यावरून मला दुखणं लेन्समध्ये कमी आणि पापणीच्या कडेत जास्त दिसून राहिलं. याला ब्लेफरायटिस म्हणतात, पापणीच्या कडेची सूज. लेन्स ते उघडं पाडते आणि वाढवते, पण कड सुधारल्याशिवाय जगातली सगळ्यात महागडी लेन्स घातली तरी संध्याकाळी ती टोचणारच.

पापणीच्या कडेवर, केसांच्या रांगेच्या किंचित आतल्या बाजूला, बारीक छिद्रं असतात. ती तेलाच्या ग्रंथींची तोंडं. वरच्या पापणीत साधारण 25 ते 40, खालच्या पापणीत 20 ते 30. हाइनरिख माइबोम नावाच्या जर्मन डॉक्टरनं 1666 साली त्यांचं वर्णन लिहिलं म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. आपण पापणी मिटतो तेव्हा थोडं थोडं तेल बाहेर येतं, अश्रूंवर त्याचा पातळ थर बसतो आणि त्यामुळे अश्रू लवकर उडून जात नाहीत. सूज आली की हेच तेल घट्ट होतं, जानेवारीत खोबरेलची बाटली गोठते तसं, मग तोंडं बुजतात, डोळा कोरडा पडतो, आणि एखादी ग्रंथी पूर्ण तुंबली की गाठ येते. तुझ्या दोन रांजणवाड्या तिथूनच आल्या असणार. त्यावर लवंग उगाळून लावली असशील तर पुढच्या वेळी लावू नको, लवंगेचं तेल बुबुळाला लागलं तर सालटं निघतं.

आता लेन्सचा यात काय हात. सॉफ्ट लेन्सला ओली राहायला अश्रूच लागतात, ती अश्रूंचा थर दोन भागात तोडते, आणि वरून तेल कमी असेल तर दुपारपर्यंत लेन्स सुकायला लागते. सुकली की पापणीच्या आतल्या बाजूला घासते. वर्षानुवर्षं लेन्स घालणाऱ्यांच्या या ग्रंथी आखडलेल्या दिसतात असंही अभ्यासात आढळलंय. त्यात आपल्याकडची हवा बघ, एप्रिल-मे मध्ये पारा 45 च्या वर, रात्री कूलर थेट तोंडावर, दिवसा एसटीच्या खिडकीतून लू. पुण्या-मुंबईच्या दमट हवेत जी लेन्स दहा तास चालते ती इथं सहा तासात त्रास देते, यात लेन्स खराब आहे असं काहीच नाही.

पण पापणीच्या कडेची सूज एकाच प्रकारची नसते आणि इलाज त्याप्रमाणे बदलतो, म्हणून आरशात जरा नीट बघ. केसांच्या मुळाशी कडक, पिवळसर खपल्या असतील, काढताना केसही निघत असेल किंवा रक्ताचा ठिपका येत असेल तर तो जंतूंचा प्रकार, स्टॅफिलोकोकस म्हणून जंतू आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असतो तो तिथं माजतो. खपल्या मऊ, तेलकट असतील आणि डोक्यात, भुवयांत कोंडा असेल तर तो कोंड्याचाच भाऊ, मग नुसत्या पापण्या धुऊन भागत नाही, डोक्याचा कोंडा आधी काढावा लागतो, केटोकोनॅझोलचा शाम्पू वगैरे, आणि कोंडा असताना रात्रभर डोक्याला तेल थापून झोपायचं नाही, आजी काहीही म्हणो. प्रत्येक केसाच्या मुळाशी पारदर्शक नळीसारखी कॉलर दिसत असेल तर डेमोडेक्स, म्हणजे केसांच्या मुळात राहणारा सूक्ष्म किडा. घाबरायचं नाही, वय वाढेल तसा तो बहुतेकांच्यात सापडतो, तुझ्या वयात कमी. त्याला टी ट्री तेलातल्या घटकाचे तयार वाइप्स मिळतात, पण ऑनलाइन मागवलेलं निव्वळ टी ट्री तेल कापसानं पापणीला लावू नको, डोळा भाजतो. असे भाजलेले डोळे माझ्याकडे येतात म्हणून जोर देऊन सांगते.

आणि मुळाशी काहीच दिसत नाही पण कड जाड, लाल, हलकं दाबलं की टूथपेस्टसारखं पांढरं काहीतरी येतं, तर ग्रंथी तुंबलेल्या. तुझ्यात मला हे आणि पहिला प्रकार दोन्ही मिसळलेले वाटतात. खरं सांगायचं तर बहुतेकांचं मिसळलेलंच असतं.

अजून एक गोष्ट आहे जी पापणीची सूज म्हणून खपून जाते. लेन्स काढल्या काढल्या खाज एकदम वाढते का? सकाळी दोरीसारखं चिकट चिपड निघतं का? लेन्स पापणीसोबत वर सरकते का, दर पाच मिनिटाला बोटानं खाली आणावी लागते का? असं असेल तर वरची पापणी उलटून बघावी लागते, आतमध्ये फरशीसारखे मोठे दाणे आलेले असतात. हे लेन्सवर साचलेल्या प्रथिनांमुळे आणि घासण्यामुळे होतं, आणि इथं मात्र लेन्सचाच दोष, म्हणजे महिन्याच्या लेन्सवरून रोज फेकायच्या लेन्सवर जाण्याचा खरंच फायदा होतो. म्हणून पापणी उलटून न बघता कोणी सांगत असेल की कंपनी बदला, तर त्यानं अंदाजच मारलाय.

आता इलाज. सकाळ-संध्याकाळ शेक, पाच ते दहा मिनिटं. मे महिन्यात हे सांगितलं की लोक माझ्याकडे असे बघतात की मॅडमचं डोकं फिरलं, बाहेर आग ओतून राहिली आणि ही बाई डोळ्यावर गरम फडकं ठेवायला लावते. पण घट्ट झालेलं तेल पातळ व्हायला पापणीला चाळीस डिग्रीच्या वर थोडी ऊब सलग मिळावी लागते, उन्हात फिरून ती तशी मिळत नाही, उलट डोळा सुकतो. स्वच्छ सुती कापड गरम पाण्यात बुडवून पिळायचं, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, सोसवलं तरच मिटलेल्या डोळ्यावर. ते दीड-दोन मिनिटात गार होतं, म्हणून पुन्हा पुन्हा बुडवायचं, इथंच सगळे आळस करतात आणि मग म्हणतात शेकानं काही झालं नाही. तव्यावर रुमाल तापवून ठेवू नको, एका जागी जास्त तापतो आणि पापणीची कातडी अंगातली सगळ्यात पातळ.

शेकल्यावर लगेच मालिश, वरची पापणी वरून खाली, खालची पापणी खालून वर, केसांच्या दिशेनं, बोटानं हलकं. बुबुळावर दाब द्यायचा नाही. मग कड पुसायची. तयार लिड वाइप्स मिळतात, यवतमाळ-अमरावतीला सहज, नाही मिळाले तर उकळून गार केलेल्या पाण्यात बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब, कापसाचा बोळा, प्रत्येक डोळ्याला वेगळा, केसांच्या मुळावरून आडवा फिरवायचा. काही जणांना शाम्पूनं कोरडं पडतं, तसं झालं तर सोडून दे आणि वाइप्सच वापर. पहिले चार आठवडे दोनदा, मग दिवसातून एकदा, आणि ते एकदा चालूच ठेवायचं. ही गोष्ट लोकांना आवडत नाही. ब्लेफरायटिस डायबिटीससारखा कायम सांभाळायचा आजार आहे, बरा झाला म्हणून शेक बंद केला की दोन महिन्यात परत. गोळी देऊन मुळासकट काढा म्हणतात, तशी गोळी नाही.

गोळ्या लागतात कधीकधी, डॉक्सीसायक्लीन किंवा अझिथ्रोमायसिन, ग्रंथींची सूज कमी करायला काही आठवडे. त्या तपासल्यावरच. डॉक्सीसायक्लीन भरपूर पाण्यासोबत घ्यायची, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, गरोदर बाईला द्यायची नाही, आणि त्यावर असताना उन्हात कातडी लवकर भाजते, हे वावरात जाणाऱ्याला सांगणं भागच आहे. मुळाशी जंतू असतील तर रात्री कडेला लावायचं मलम. कोरडेपणासाठी अश्रूंचे थेंब, शक्यतो प्रिझर्वेटिव्ह नसलेले. ओमेगा-3 च्या कॅप्सूलबद्दल सगळे विचारतात, 2018 मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, त्यात कोरड्या डोळ्यांना माशाच्या तेलाच्या कॅप्सूलनं ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूलपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. म्हणून त्यावर पैसे घालू नको. जवसाची चटणी खा, पण ती चवीसाठी.

आता त्या मेडिकलवाल्याच्या ड्रॉपबद्दल. मी फोटो पाहिला नाही पण चार दिवसात लाली गायब आणि बंद केल्यावर परत, ही स्टेरॉइडची चाल आहे. बाटलीवर डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यातलं एखादं नाव आहे का बघ. बऱ्याचदा अँटिबायोटिकच्या नावापुढे ते छोट्या अक्षरात जोडलेलं असतं. स्टेरॉइड वाईट औषध नाही, आम्हीही देतो, मोजून, प्रेशर तपासत. पण तीच बाटली घरात सहा महिने राहते, मग एकाचं औषध दुसरा घालतो, बैलाच्या डोळ्यातही टाकतात. जास्त दिवस घातलं की डोळ्याचं प्रेशर वाढून नजरेची नस सुकू शकते, मोतीबिंदू लवकर येतो, आणि दोन्ही बाबतीत सुरुवातीला काही कळत नाही. लेन्सवाल्यांना अजून एक धोका, बुबुळाला बुरशी किंवा जंतूची जखम झाली असेल तर स्टेरॉइडनं लाली दबते आणि आत जखम पसरत जाते. ही औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नसतात, तरी विकतात, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर बोलायला लागले तर रात्र होईल.

पापणीची सूज त्रासदायक आहे पण तिनं सहसा नजर जात नाही. बुबुळाची जखम नजर नेते. म्हणून दोघांतला फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. खाज, जळजळ, पापुद्रे, दोन्ही डोळ्यांत सारखं, सकाळी जास्त, हे पापणीचं. एकाच डोळ्यात दुखणं, उजेड सहन न होणं, पाणी वाहणं, धूसर दिसणं, बुबुळावर पांढरा ठिपका, हे जखमेचं, आणि लेन्स घालणाऱ्याला असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. उद्या सोमवारचा बाजार करून जाऊ असं नाही. लेन्सवाल्यांच्या जखमेत स्युडोमोनास नावाचा जंतू सगळ्यात जास्त सापडतो आणि तो एक-दोन दिवसात बुबुळ वितळवू शकतो. मागे राहतो तो पांढरा डाग, ज्याला आपल्याकडे डोळ्यात फूल पडलं म्हणतात, आणि ते कुठल्या ड्रॉपनं जात नाही. डोळ्यावर पट्टी बांधायची नाही, मध, गुलाबजल, एरंडेल काही टाकायचं नाही. यवतमाळचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज आहे, नागपूरचं मेडिकल आहे, जे जवळ पडेल तिथं. आणि येताना ती लेन्स, तिची डबी घेऊन यायचं, फेकायची नाही, त्यातून कोणता जंतू आहे ते शोधता येतं.

पाण्याबद्दल तर मी घसा बसेपर्यंत सांगते. लेन्सला पाणी लावायचंच नाही. विहिरीचं नाही, बोअरचं नाही, नळाचं नाही, वीस लिटरच्या कॅनचं नाही, आरओचं नाही, उकळलेलंसुद्धा नाही. पाण्यात अकँथामीबा नावाचा सूक्ष्म जीव असतो, क्लोरीनलाही दाद देत नाही, लेन्सवर चिकटून बुबुळात शिरला की इतकं दुखतं की रोगी भिंतीला डोकं लावून बसतो, आणि इलाज महिनोन् महिने. म्हणून लेन्स घालून आंघोळ नाही, पैनगंगेत डुबकी नाही, कूलरच्या टाकीत हात घालून तेच बोट डोळ्याला नाही. हात मात्र साबणानं धुवायचे आणि स्वच्छ फडक्यानं पूर्ण कोरडे करायचे. मिरची हाताळली असेल तर नुसत्या पाण्यानं तिखट जात नाही, ते तेलात विरघळतं, आधी गोडतेल चोळायचं मग साबण दोनदा, तरीही त्या संध्याकाळी लेन्स काढताना डोळे झोंबलेच तर आश्चर्य नको. भिवापूरकडे मिरची खुडणाऱ्या बायांना हे मी सांगायची गरज नाही, त्या मला शिकवतील.

लेन्स धुवायचं-बुडवून ठेवायचं सोल्युशन महाग पडतं म्हणून लोक डबीतलं जुनं ठेवून वरून थोडं टाकतात. तसं केलं की त्याचा जंतू मारायचा दम संपतो. रोज जुनं ओतायचं, नवं भरायचं, लेन्स तळहातावर घेऊन बोटानं चोळायची, बाटलीवर चोळायची गरज नाही लिहिलं असलं तरी. डबी सोल्युशननेच धुवायची, उलटी ठेवून सुकवायची, तीन महिन्यांनी फेकायची. बाटली उघडल्यावर तीही साधारण तीन महिनेच, आणि टिनाच्या छपराखाली खिडकीत ठेवू नको, उन्हाळ्यात तिथं काय होतं ते तुला माहीत आहे. सलाईन म्हणजे सोल्युशन नाही, त्यानं जंतू मरत नाहीत. आणि महिन्याची लेन्स म्हणजे पाकीट फोडल्यापासून 30 दिवस, 30 वेळा घालणं नाही. सणावारापुरती घालतात आणि तीच जोडी दिवाळीपासून अक्षय तृतीयेपर्यंत चालवतात, असं नाही चालत.

झोपण्याचं वेगळं सांगते. बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, त्याला प्राणवायू हवेतून मिळतो, मिटलेल्या पापणीखाली तो आधीच कमी, त्यात वरून लेन्स. अमेरिकेत 1989 साली मोजलं होतं तेव्हा रोज रात्री काढणाऱ्यांत वर्षाला दहा हजारात 4 जणांना बुबुळाची जखम झाली आणि लेन्ससकट झोपणाऱ्यांत साधारण 20 जणांना. पुण्याला जाणाऱ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये लेन्स घालून झोपणारी आपली पोरं यातच मोडतात. गाडीत बसण्याआधी काढायची, चष्मा लावायचा, सकाळी उतरल्यावर हात धुऊन घालायची.

आणि इथं खरी अडचण येते, ती म्हणजे चष्माच नसतो. लेन्स लागल्या की चष्म्याचा नंबर कोणी बदलून घेत नाही, मायनस पाचवाली मुलगी दहावीतल्या जुन्या चष्म्यानं कशी फिरणार, म्हणून डोळे लाल झाले तरी लेन्स उतरत नाही. त्यात घरचे, पाहुणे बघायला येऊन राहिले, चष्मा घालू नको. तुझ्या आईला लेन्स उकिरड्यावर फेकायच्या आहेत ना, मग आधी चालू नंबरचा चष्मा करून दे म्हणावं. नंबर तपासताना लेन्सचा वेगळा काढायला लाव, कारण चष्म्याचा 5.50 असेल तर लेन्सचा साधारण 5.25 येतो, चष्म्याचा नंबर जसाच्या तसा लेन्सला लावणारे आहेत.

काजळ कडेच्या आत ओढतेस ना? तेच त्या ग्रंथींच्या तोंडावर बसतं. महिनाभर बंद, नंतर लावायचंच तर केसांच्या बाहेर. लग्नाच्या हंगामात ब्युटी पार्लरमधून रंगीत लेन्स घेतात, एकीच्या डोळ्यातली दुसरीला, याच्यासारखा जंतू वाटायचा सोपा रस्ता नाही.

भावाचं. फवारणीला लेन्स घालून अजिबात जायचं नाही. सॉफ्ट लेन्स अंगात पाणी धरून असते, औषधाचा अंश ती शोषू शकते आणि बुबुळाला चिकटवून ठेवते. 2017 मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 पेक्षा जास्त माणसं गेली, तेव्हापासून चष्मा-मास्क-हातमोजे याबद्दल सगळे बोलतात पण पऱ्हाटीत बघितलं तर तोंडाला दुपट्टाच असतो. त्यानं चष्मा घालायचा आणि त्यावर बंद गॉगल. डोळ्यात औषध उडालंच आणि लेन्स असेल तर लगेच पाण्याची धार धरायची, पंधरा मिनिटं, लेन्स सहज निघाली तर तिथल्या तिथं काढायची पण तिच्यासाठी धुणं थांबवायचं नाही, इथं पाण्याचा नियम लागू नाही, मग ती लेन्स फेकायची आणि दवाखाना. सोयाबीन, तूर मशीनमधून काढतानाही तसंच, कुटार उडतं, बुबुळाला ओरखडा पडतो, आणि आपल्याकडे बुरशीच्या जखमा जास्त करून अशाच पिकाच्या कस्पटानं सुरू होतात.

चार आठवडे शेक आणि सफाई नीट केलीस, पापुद्रे गेले, कड फिकी झाली, तर नवीन जोडी, नवीन डबी, नवीन बाटली घेऊन सुरुवातीला चार तास घालून बघ, मग वाढव. जमत असेल तर रोज फेकायच्या लेन्स फक्त कॉलेजच्या दिवशी, बाकी चष्मा. एक आठवडा नीट शेकूनही फरकच नाही, किंवा गाठ वाढून नजर झाकायला लागली, तर थांबू नको, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी बसतात, त्यांना दाखव, ते पुढे पाठवतील. येताना चष्मा, लेन्स, डबी, सोल्युशन आणि घरात असतील नसतील ते सगळे ड्रॉप पिशवीत घालून आण. भावालाही सोबत आण, त्याचा नंबर शेवटचा कधी तपासला ते तू लिहिलंच नाहीस.